अकरावी नाशिकला, बारावी इगतपुरीला

आमच्या इगतपुरीतली मुलं दहावी झाली की नाशिकला जातात. काही होस्टेलला राहतात, बाकीची पास काढून रोज गाडीने जा-ये करतात. माझी दहावी चांगली गेली तेव्हा मीही जाणार हे ठरलेलंच होतं. आईने तर निकालाच्या आधीच चौकशा करून ठेवल्या होत्या. गंगापूर रोडवर एक ज्युनिअर कॉलेज होतं आणि त्याला जोडलेला एक क्लास. कॉलेज नावाला, क्लास खरा. तिथे प्रवेश मिळवायलासुद्धा परीक्षा द्यावी लागायची. ती मी पास झाले आणि आईने रेल्वे क्वार्टर्समधल्या घराघरांत जाऊन सांगितलं. ती एरवी कुणाकडे फारशी जात नसे.

बाबा लोको पायलट होते. कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जी जादा इंजिनं लावतात, त्यांच्यावर त्यांची ड्युटी असे. दिवसातून घाटात वर-खाली, वर-खाली. त्यांना माझ्या शिक्षणातलं सगळं कळत होतं असं नाही, पण तसं त्यांनी कधी लपवलंही नाही. मला सोडायला आले तेव्हा होस्टेलच्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी गादी दाबून पाहिली, पंखा लावून पाहिला, खिडकीची कडी लागते का ते पाहिलं, आणि म्हणाले, ठीक आहे.

क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा असायची. सोमवारी निकाल, आणि निकालावरून बॅच बदलायची. वरच्या बॅचचे वर्ग वरच्या मजल्यावर, एसीत. जसजसे मार्क कमी तसतसा मजला खाली. तळमजल्यावर पार्किंगमधले हॉर्न ऐकू यायचे आणि तिथे शिकवायला नवीन लागलेले सर यायचे. निकालाचा मेसेज आमच्या आधी पालकांच्या फोनवर जायचा.

माझी रूममेट चांदवडची, कांदा पिकवणाऱ्या घरातली. ती सोमवारी जेवताना विचारायची, "मग बाई, लिफ्ट वर गेली का खाली?" पहिले काही महिने आम्ही दोघी वर होतो. मग ती वर आणि मी मध्ये, कधी मी वर आणि ती मध्ये. तिला रडायला यायचं ते ती पाच मिनिटांत रडून मोकळी व्हायची आणि घरून आलेला चिवडा काढायची. मला रडायला यायचं नाही. माझी भूक गेली. आधी सोमवारची गेली, मग रविवारची, मग कुठल्याच दिवसाची उरली नाही.

त्या क्लासला वाईट म्हणणं मला आजही जमत नाही. बॅचचे मुख्य सर होते, त्यांना प्रत्येकाचं नाव आणि गाव पाठ होतं. एकदा मला ताप आला तेव्हा त्यांनी स्वतः दवाखान्यात नेलं आणि परतीच्या वाटेवर शहाळं पाजलं. शिकवायचेही वेगात आणि छान. पर्याय बघून उत्तर कसं हेरायचं, कोणता प्रश्न सोडून पुढे जायचं, कोणतं सूत्र थेट लावायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नसेल. मी ते सगळं शिकले. फक्त हळूहळू असं झालं, की पेपर हातात आला की मला माझ्याच छातीची धडधड ऐकू यायची आणि त्यात प्रश्न वाचता यायचा नाही. फेब्रुवारीपर्यंत मी तळमजल्यावर पोचले होते.

बाबांनी मेसेजबद्दल कधी काही विचारलं नाही. नंतर कळलं, की त्यांनी सोमवारी फोन बघायचंच सोडून दिलं होतं. आईच बघायची.

अकरावीची परीक्षा झाली आणि लगेच सुट्टीची बॅच सुरू झाली. म्हणजे सुट्टी नव्हतीच. एप्रिलमधल्या एका रविवारी परीक्षा संपल्यावर बाबा मला भेटायला आले. आम्ही मिसळ खायला गेलो. त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं. मी नुसता पाव कुस्करत होते. त्यांनी स्वतःची मिसळ संपवली, रुमालाने मिशा पुसल्या, आणि हळूच विचारलं, "आवडतं का गं?"

"काय?"

"काहीही."

मला खरंच काही सुचेना. अगदी मनापासून शोधलं तरी सुचेना. एकेकाळी मला गणित आवडायचं, सायकल आवडायची, आईच्या हातची तांदळाची भाकरी आवडायची, हे मला आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाचं आठवावं तसं. होस्टेलपर्यंत आम्ही चालत आलो. फाटकाशी मी म्हटलं, "बाबा, मला घरी यायचंय."

"सुट्टी आहे का मधे?"

"सुट्टीसाठी नाही. राहायलाच."

त्यांनी मान हलवली. बघतो, असं पुटपुटून स्टँडकडे निघाले. थोडं पुढे जाऊन थांबले, परत आले, आणि पिशवीतून आईने दिलेला लाडवांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. तो द्यायचा राहूनच गेला होता.

घरी या गोष्टीवरून आईचं आणि बाबांचं बरंच वाजलं. मला ते पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. आईचं म्हणणं साधं होतं. अख्खी इगतपुरी मुलांना नाशिकला पाठवते आणि आपण नाशिकहून परत आणायची? बारावी म्हणजे ॲडमिशनचं वर्ष. तेच वर्ष वाया घालवायचं? आई नामपूरची. बारावी सायन्सपर्यंत शिकलेली. पुढचं कॉलेज सटाण्याला होतं म्हणून तिला घरात बसावं लागलं. त्यामुळे हातातलं कॉलेज कुणी सोडतं, हे तिच्या डोक्यातच बसत नव्हतं. बाबा तिला घेऊन एका सोमवारी होस्टेलला आले. मी तेव्हा वर्गात होते. आई माझ्या पलंगावर बसली, उशाखाली हात घातला तर तिला दोन आठवड्यांपूर्वीचे लाडू सापडले, डब्यात जसेच्या तसे. मी वर्गातून आले तेव्हा ती माझे कपडे बॅगेत भरत होती. मला एवढंच म्हणाली, की चपला कुठे आहेत.

दाखला काढायला गेलो तेव्हा सरांनी आम्हाला त्यांच्या केबिनमध्ये बसवलं. ते रागावले नाहीत. बाबांना म्हणाले, मुलगी हुशार आहे, मधे घसरली आहे, वर येईल, अशी शंभर मुलं मी पाहिली आहेत. इथून गेलेली मुलं ॲडमिशनच्या वेळी पस्तावतात. इगतपुरीत तिला कोण शिकवणार?

बाबांनी टोपी हातात धरली होती. "साहेब, तुमचं बरोबर असेल. सध्या ती घरी येऊन जेवली म्हणजे झालं. बाकी मग बघू."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. त्यांनी सही केली आणि उठून दारापर्यंत आले.

बारावीला कॉलेज बदलायचं तर शिक्षण खात्याची परवानगी लागते. आमचं घरच इगतपुरीत असल्याने ती मिळाली, पण हेलपाटे बरेच झाले. मी नव्या वर्गात बसले तेव्हा जुलै उजाडला होता. इगतपुरीचा जुलै म्हणजे दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागतात आणि ढग खिडकीतून आत येतो. फळा इतका ओला असायचा, की त्यावर खडू उमटायचा नाही. वर्गातली मुलं आळीपाळीने वर्तमानपत्राने फळा पुसायची. बहुतेक जण आजूबाजूच्या पाड्यांवरून आणि खेड्यांतून येणारे. एसटी बंद पडली की अर्धा वर्ग गैरहजर. रविवारी परीक्षा नव्हती. मला पहिल्या रविवारी काय करावं कळेना, म्हणून मी झोपले, उठून जेवले आणि परत झोपले. आईने मला उठवलं नाही.

गणित शिकवायला मात्र कुणीच नव्हतं. गणिताचे सर आदल्या वर्षी निवृत्त झाले होते आणि जागा भरलेली नव्हती. तासिकेवर येणारे एक सर घोटीहून यायचे, त्यांना दुसरीकडे नोकरी लागली आणि तेही बंद झाले. हे मला प्रवेश झाल्यावर कळलं. मी घरी सांगितलं नाही. आईच्या डोळ्यांपुढे सरांची केबिन उभी राहिली असती.

प्राचार्य केमिस्ट्री शिकवायचे. खोकत खोकत बोलणारा, स्वेटर घालूनच फिरणारा माणूस. त्यांनी एक दिवस मला बोलावलं. तू नाशिकला होतीस, तिथले नोट्स असतील तुझ्याकडे, म्हणाले. तास रिकामा जातो, पोरं व्हरांड्यात उभी राहतात. एखाद-दुसरं गणित फळ्यावर सोडवून दाखवशील का? मी म्हटलं, सर, मला शिकवता येत नाही. ते म्हणाले, शिकवू नकोस, सोडव.

म्हणून मी सोडवायला लागले. पहिले दोन-तीन तास मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मी तळमजल्यावरची, पण इथे माझ्यासारखं भराभर कुणाला सुटत नव्हतं. मी लिहायची, वर्ग उतरवून घ्यायचा. मग डेरिव्हेटिव्ह आलं. मी वर h लिहिला, खाली h लिहिला, दोन्ही काटले, आणि शेवटी उरलेल्या h च्या जागी शून्य घालून उत्तर काढलं. तीन ओळींत.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती घाटाच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरून यायची, चालत आणि मग जीपने. तोवर तिला वर्गात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"आधी तू म्हणालीस, h शून्य नाय, म्हणून काटता येतो," ती म्हणाली. "मग शेवटी शून्यच घातलंस. मग आधी खोटं बोललीस का?"

वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

मी म्हटलं, असंच करतात.

"कोण करतं?"

यावरही वर्ग हसला आणि या वेळी मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. उद्या सांगते, असं म्हणून मी जागेवर बसले. माझे कान गरम झाले होते. नाशिकला मी असली गणितं शेकड्यांनी सोडवली होती. तो h दोन्हीकडे वेगळा का वागतो, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आलं असतं तरी विचारायला वेळ नव्हता.

घरी येऊन मी पाठ्यपुस्तक काढलं. नाशिकला ते पुस्तक आम्ही उघडतच नव्हतो, सगळं क्लासच्या छापील नोट्समध्ये असायचं. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती. मला मोठ्याने बोलल्याशिवाय सुधरेना, म्हणून मी तिलाच सांगू लागले. पहिल्यांदा सांगितलं, ती म्हणाली, नाही कळलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाली, तुलाच कळलेलं नाही. ते खरं होतं. मी पुन्हा वाचलं. कागदावर वेगवेगळे आकडे घालून पाहिले, लहान, आणखी लहान. मग तिसऱ्यांदा सांगायला लागले, की h शून्य होतच नाही, आपण फक्त तो शून्याकडे जाताना उत्तर कुठे निघालंय ते बघतो.

आईने भाकरी उलटली. "म्हणजे पोचत नाही, पण कुठे चाललाय ते ठाऊक आहे."

"हो," मी म्हटलं. "तसंच."

दुसऱ्या दिवशी ते मी वर्गात सांगितलं. ती मुलगी ऐकत राहिली आणि मग म्हणाली, आता पटलं. तिच्या त्या "पटलं"ने मला जे झालं ते वरच्या मजल्यावर कधी झालं नव्हतं. मला फार भूक लागली. मधल्या सुट्टीत मी डबा संपवला आणि तिच्या डब्यातली नागलीची भाकरीही खाल्ली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. संध्याकाळी मी उद्याचा धडा आईसमोर म्हणायची आणि सकाळी वर्गासमोर. आईला आधी कंटाळा यायचा. मग ती मधे थांबवून विचारू लागली. पुढे पुढे मी घरात पाऊल टाकलं की तीच विचारायची, आज पोरांना समजलं का? मला परत आणण्यावरून ती बाबांशी जे भांडली होती, त्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. एकदा मॅट्रिक्स चालू असताना बाबा ड्युटीवरून आले. आम्ही दोघी कागदावर वाकलेल्या आणि कुकर विसरलेला. बाबांनी बूट न काढताच जाऊन गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसले.

दिवाळीनंतर भातकापणी आटोपली आणि वर्ग रोडावला. पाड्यावरची माणसं तेव्हा कामाला बाहेर पडतात. त्या मुलीचे आईबाप द्राक्षबागांत कामाला दिंडोरीकडे जायचे. घरी ती आणि आजी. लाकूडफाटा, पाणी सगळं तिच्यावर. जानेवारीत तिने येणंच कमी केलं. एक दिवस आली आणि मला म्हणाली, परीक्षा द्यायची का नाय, बघते. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईने रविवारी साडी बदलली, बाबांना सोबत घेतलं, आणि जीपने तिच्या पाड्यावर गेली. मीही होते. तिथे आई आजीशी तासभर बोलत बसली. मला वाटलं परीक्षेचं बोलत असेल, पण त्या दोघी भाताच्या वाणांबद्दल आणि गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या. निघताना आई म्हणाली, परीक्षेपर्यंत पोरीला आमच्याकडे राहू द्या, शनिवार-रविवार तुमच्याकडे येईल. आजीने शेजारी राहणाऱ्या मुलीच्या काकीला हाक मारली, लाकूड-पाण्याचं दोघींचं ठरलं, आणि आजी म्हणाली, न्या.

अशा रीतीने ती आमच्याकडे आली. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत, पुस्तकं बाबांच्या पेटीवर. तिला पहाटे उठायची सवय, मला नव्हती. ती उठून अंगण झाडून, अंघोळ करून बसलेली असायची आणि मी डोळे चोळत यायची. आईला तिच्यामुळे मला बोलायला एक हुकमी वाक्य मिळालं, तिच्याकडे बघ जरा.

चांदवडची रूममेट मला नाशिकहून क्लासच्या पेपरांचे फोटो पाठवत राहायची. मी ते सोडवायला बसले, की एक गोष्ट स्पष्ट दिसायची. माझा वेग गेला होता. गणितं यायची, आधीपेक्षा चांगली यायची, पण मी प्रत्येक पायरीला थांबायची. असं का, तसं का नाही. प्रवेश परीक्षेला "का" असं विचारायला वेळ नसतो. मला ते समजत होतं आणि तरी मला पुन्हा पूर्वीसारखं पळता येईना. रूममेटला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, रोज घड्याळ लावून बस. मी बसले. थोडा फरक पडला, फार नाही.

बोर्डाची परीक्षा झाली आणि मग मे महिन्यात नाशिकला सीईटी. आम्ही दोघी एकत्रच गेलो, बाबा सोबत. मी बाहेर आले तेव्हा गणिताचे बरेच प्रश्न बघायचेच राहिले होते. येत नव्हते म्हणून नव्हे, वेळ संपला म्हणून. ती आधीच बाहेर येऊन झाडाखाली बाबांशी गप्पा मारत होती. कसा गेला, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, राहिले. बाबा म्हणाले, चला, उसाचा रस घेऊ.

सीईटीचा निकाल लागला. पुण्याच्या ज्या कॉलेजचं नाव आई दहावीपासून घेत होती, तिथे माझ्या पर्सेंटाइलला दारातही उभं केलं नसतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हटलं, की तिथे राहिले असते तर? तळमजल्यावरून वर आलेही असते. सर म्हणाले होते, अशी शंभर मुलं पाहिली. आईला वाईट वाटलं होतं, ते तिच्या हालचालींवरून कळत होतं, भांडी जरा जोरात आपटत होती. पण "मी म्हटलं नव्हतं का" हे वाक्य ती बोलली नाही. ते ती सहज बोलू शकली असती आणि बाबांना त्यावर उत्तर देता आलं नसतं.

बोर्डाच्या निकालात मात्र आमचा अख्खा वर्ग गणितात पास झाला. त्या कॉलेजात हे कैक वर्षांत झालं नव्हतं. प्राचार्य स्वेटर घालून, छत्री धरून आमच्या घरी पेढे घेऊन आले. बाबांशी हात मिळवला, मग आईकडे वळून म्हणाले, वहिनी, पोरगी सांगत होती, तुम्हीही बसायचात म्हणे अभ्यासाला. आई आत निघून गेली ती चहा घेऊनच आली, आणि तिचे डोळे लाल होते.

पाड्यावरच्या माझ्या मैत्रिणीला नाशिकला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि सरकारी वसतिगृहात जागाही. इंजिनिअरिंगचं तिने भरलं होतं, पण शेवटी तिनेच नको म्हटलं. तिला शिकवायचं होतं. आज ती त्र्यंबककडच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवते. तिच्या वर्गात मुलं प्रश्न विचारत असतील, अशी माझी खात्री आहे, आणि ती पटल्याशिवाय त्यांना सोडत नसणार.

माझ्या प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या. पहिल्या यादीत काही नाही. दुसऱ्या यादीत लागलं ते मला नको होतं. तिसऱ्या यादीत विदर्भातलं एक सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं, इलेक्ट्रिकल. बाबांना इलेक्ट्रिकल ऐकून फार बरं वाटलं, त्यांच्या इंजिनाशी त्याचा संबंध होता. त्या सगळ्या फेऱ्यांत, कागदपत्रं तपासताना, मला कुणीही विचारलं नाही, की अकरावीला कुठे होतीस आणि ते का सोडलंस. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

त्या दुपारी चांदवडहून फोन आला. रूममेटचा.

"तुला कुठलं लागलं?"

मी सांगितलं. 

"ए बाई," ती म्हणाली, "मलाही तेच लागलंय. मेकॅनिकल."

माझा विश्वास बसेना. ती तर वरच्या मजल्यावर होती. तेव्हा तिने सांगितलं, की डिसेंबरपासून तीही खालीच होती, शेवटी शेवटी तळमजल्यावर. पेपरांचे फोटो मला पाठवायची ते स्वतः सोडवून झाल्यावर नव्हे, सोडवायच्या आधीच. मी उत्तरं पाठवली की त्यावरून ती ताडून बघायची. मला हे का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"तू गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, तू हरलीस," ती म्हणाली. "मग मी कुठल्या तोंडाने सांगू?"

आम्ही दोघी बराच वेळ हसलो. थोडं रडलोही, पण ती म्हणाली तसं, आटोपशीर.

क्लासचे ते सर मला पुढे एकदा नाशिकच्या कॉलेज रोडला भेटले. त्यांनी मला लगेच ओळखलं, नाव आणि गावासकट. कुठे आहेस, विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, राहिली असतीस तर याच्यापेक्षा वरचं लागलं असतं. मी म्हटलं, असेल सर. मला ते खोडून काढावंसं वाटलं नाही. कदाचित लागलंही असतं. काहींना लागलंच की. त्यांनी आईबाबांची चौकशी केली, आणि जेवतेस ना नीट, असं मला विचारलं. मी म्हटलं, जेवते आता भरपूर.

विदर्भातल्या कॉलेजला आम्हाला सोडायला दोघींचेही आईवडील आले होते. होस्टेलच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंजी टाकून सगळे सकाळच्या न्याहारीला बसले. चांदवडच्या काकूंनी ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, आईने तांदळाच्या भाकऱ्या. बाबा आणि तिचे वडील पहिल्यांदाच भेटत होते, पण दहा मिनिटांत त्यांची कांद्याच्या मालगाड्यांवर चर्चा सुरू झाली. दोघी आया मात्र आमच्यावर घसरल्या. काकू म्हणाल्या, आमची एवढी नाशिकला ठेवली, काय उपयोग झाला? आई म्हणाली, आमची घरी होती, तरी तेच ना. काकू म्हणाल्या, तुमची निदान घरी तरी होती, रोज डोळ्यांना दिसली. माझ्याकडे बघत आईने आणखी एक भाकरी काढली, तिच्यावर ठेचा ठेवला, आणि माझ्या हातात दिली. मग तशीच दुसरी करून माझ्या रूममेटला.

रेक्टरबाई खोल्यांच्या किल्ल्या घेऊन आल्या, तेव्हा आम्ही दोघींनी एकच खोली मागितली.